चारवरच चालतो

हाताने फिरवायचा नॉब असलेल्या बहुतेक गाड्यांत एसीच्या पंख्याला चार वेग असतात. एके दिवशी त्यातले तीन नाहीसे होतात. आदल्या संध्याकाळपर्यंत काही तक्रार नसते. सकाळी मालक सवयीने नॉब एकवर आणतात, काही होत नाही. दोनवर आणतात, काही नाही. तीनवरही नाही. एसी गेला, आता दहा-पंधरा हजारांचा फटका, असं मनाशी म्हणत ते नॉब शेवटपर्यंत फिरवतात आणि डॅशबोर्डमधून असा काही वारा सुटतो की पार्किंगची पावती उडून मागच्या सीटवर जाते. नॉब पुन्हा तीनवर: चिडीचूप. पुन्हा चारवर: वादळ.

हा प्रयोग बराच वेळ चालतो. बिघडलेलं यंत्र चार-सहा वेळा बंद-चालू केलं की ते ओशाळून सुधारतं अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. रिमोट तळहातावर आपटण्यामागेही तीच. काही जण नॉब दोन आणि तीनच्या मधोमध अडकवून बघतात. काही जण तो आधी चारवर नेतात, पंखा जोरात फिरू लागला की त्याच्या नकळत हळूच तीनवर आणतात. पंखा फसत नाही.

मग सल्लागार जमतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभं राहण्याचीही गरज नसते. गाडीचं दार उघडं ठेवून नुसतं कपाळाला आठी घातली तरी दोन शेजारी येतात. त्यांचं निदान तयार असतं: "गॅस संपला असणार." हवा गार येत नाही? गॅस. कुबट वास येतो? गॅस. पंखा चारवरच चालतो? "अहो गॅसच. आमच्या भाच्याच्या गाडीत अगदी सेम झालं होतं." भाच्याच्या गाडीत नेमकं काय झालं होतं हे भाच्यालाही माहीत नसतं, त्याने फक्त पैसे दिलेले असतात.

वास्तविक एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. छोट्या गाडीत तो साधारण अर्ध्या किलोच्या आतबाहेर असतो आणि बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरच्या पुढचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकतो आणि डॅशबोर्डच्या पोटातल्या कूलिंग कॉइलमध्ये तो गार होतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतो आहे एवढाच त्याचा अर्थ. तरी दर मार्च-एप्रिलमध्ये शहरोशहरी लोक रांगा लावून गॅस भरून घेतात, गळती तशीच ठेवतात आणि पुढच्या मार्चमध्ये त्याच रांगेत भेटतात. पंख्याच्या वेगाशी मात्र या गॅसचा काडीचा संबंध नाही. गॅस पार उडून गेला तरी पंखा चारही वेगांवर इमानाने गरम हवा फेकत राहील.

गेलेला असतो तो रेझिस्टर.

ब्लोअरचा रेझिस्टर हा तळहातावर मावेल एवढा तुकडा. एका बाजूला प्लास्टिकचं सॉकेट, दुसऱ्या बाजूला जुन्या विजेच्या शेगडीत असत तशा तारांच्या दोन-तीन गुंडाळ्या. नव्या गाड्यांत गुंडाळ्यांऐवजी चपटी पट्टी असते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तो डावीकडे, ग्लव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली, दोन-तीन स्क्रूंनी बसवलेला असतो. त्याचं काम अडवण्याचं. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14 व्होल्ट खेळत असतात. नॉब एकवर असला की पंख्याकडे जाणारी वीज सगळ्या गुंडाळ्यांतून फिरून जाते आणि निम्म्याहून जास्त व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. उरलेल्या चार-पाचांवर पंखा आळसावून फिरतो. दोनवर एक गुंडाळी वगळली जाते, तीनवर आणखी एक. चारवर वीज रेझिस्टरला पूर्ण टाळून थेट पंख्याकडे जाते. रेझिस्टर मेला तरी चार जिवंत राहतो तो म्हणूनच. हा सगळा हिशेब गेऑर्ग ओम या जर्मन शिक्षकाने 1827 मध्ये छापून ठेवला आहे आणि तो आपल्याकडे शाळेत दोन-तीन मार्कांना विचारतात. मार्क मिळवलेली मंडळीच पुढे गाडी घेतात आणि "गॅस" म्हणतात.

वाटेत खर्ची पडलेल्या विजेचं काय होतं? उष्णता. पंखा एकवर ठेवून बसलेल्या माणसाला वाटतं आपण बचत करतो आहोत. बॅटरीतून वीज कमी खेचली जाते हे खरं, पण जी खेचली जाते तिच्यातली मोठी रक्कम तारा तापवण्यातच जाते. म्हणजे गाडी गार करण्यासाठी बसवलेल्या यंत्रणेत, थंड हवेच्या वाटेवरच, एक छोटी शेगडी पेटलेली असते. बरं, ही शेगडी गार राहावी म्हणून इंजिनिअरांनी तिला बसवलं कुठे, तर पंख्याच्या हवेच्या झोतात. पंख्याला मंद करायचं, त्यापायी तापायचं, आणि थंडाव्यासाठी त्याच मंद पंख्याच्या तोंडाकडे बघत राहायचं, असं या तुकड्याचं आयुष्य. एवढ्या परस्परावलंबनावर सरकारंही फार काळ टिकत नाहीत. पण रेझिस्टर वर्षानुवर्षं टिकतो, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

तो मरतो तेव्हाही बहुधा स्वतःच्या दोषाने मरत नाही. त्याच्यावर एक थर्मल फ्यूज असतो. तारा प्रमाणाबाहेर तापल्या की तो वितळून तुटतो आणि एकदा तुटला की पुन्हा जोडला जात नाही. तारा तापतात त्याची कारणं दोनच: एक तर पंख्याची मोटर जड फिरू लागते आणि जास्त वीज ओढते, नाहीतर हवेचा झोत अडतो. आणि झोत अडवण्याची व्यवस्था मालकाने मोठ्या प्रेमाने केलेली असते. उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून तो ती झाडाखाली लावतो. कडुनिंबाची पानं, गुलमोहोराच्या पाकळ्या आणि ती बारीक बारीक पानटी वायपरखालच्या जाळीत साठतात आणि तिथून ब्लोअरच्या तोंडाशी जातात. मध्ये केबिन फिल्टर असेल तर तो हे सगळं अडवतो, पण फिल्टर नावाची वस्तू आपल्या गाडीत आहे हे पुष्कळांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळतं. तो बाहेर निघतो तेव्हा त्यात बी पेरलं तर उगवेल अशी जमीन तयार झालेली असते. स्वस्त गाड्यांत तर कित्येकदा फिल्टरची फक्त जागा देत, फिल्टर नाही.

शिवाय उंदीर. ब्लोअरची पोकळी ही त्यांच्या दृष्टीने पार्किंगमधली सर्वोत्तम सदनिका: अंधारी, कोरडी आणि वायुवीजनाची सोय असलेली. स्पंज, कागद, कापसाचे बोळे आणून ते घर लावतात. त्यांना हुसकायला बॉनेटमध्ये तंबाखूची पानं टांगण्याचा उपाय महाराष्ट्रभर चालतो. त्याने उंदीर जातात की नाही यावर मतभेद आहेत, पण पहिल्यांदा एसी लावला की गाडीत पानपट्टीचा दरवळ सुटतो यावर नाहीत.

आता हा बिघाड असलेली गाडी चालते. हेच त्याचं सगळ्यात मोठं दुर्दैव. चालत नसती तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली असती. चारवर का होईना चालते आहे म्हटल्यावर मालक म्हणतात, "बघू सर्व्हिसिंगला." सर्व्हिसिंगला चार महिने असतात. तेवढ्या काळात घरातली माणसं शून्य आणि चार या दोनच आकड्यांत जगायला शिकतात. गाडी निघाली की चार. दोन मिनिटांत मागून आवाज: "अरे, कमी कर रे जरा." कमी होत नाही, बंद होतो. बहुतेक गाड्यांत पंखा शून्यावर आला की कॉम्प्रेसरही थांबतो, तेव्हा बर्फाच्या चांदणीचं बटण कितीही दाबलं तरी उपयोग नाही. आणखी तीन मिनिटांनी मागून: "लाव की रे, काय उकडतंय!" पुण्याहून साताऱ्याला पोचेपर्यंत नॉब इतक्या वेळा इकडून तिकडे फिरतो की तोही आता जायच्या बेतात येतो. शेजारी बसलेल्या काकू पदर कानावरून घेतात. मागच्या बाळाला झबल्यावर झबलं चढतं. फोन आला तर ड्रायव्हर आधी एसी बंद करतो मग बोलतो, कारण पलीकडच्याला वाटतं तो मोटारसायकलवर आहे.

चारवर आणखी एक गंमत होते. वारा जोरात, म्हणजे हवा जास्त गार असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात हवा कूलिंग कॉइलवरून घाईघाईने गेली की तिला गार व्हायला वेळ कमी मिळतो. जाळीतून येणारी हवा सगळ्यात थंड लागते ती कमी वेगावर. म्हणजे ज्याला खरी थंडगार झुळूक हवी असते त्याला ती मिळतच नाही, मिळतो तो कोमट उत्साह.

पावसाळ्यात प्रकरण अधिक रंगतं. ताम्हिणीत किंवा आंबोलीच्या घाटात काचेला आतून बाष्प धरलं की जाणते ड्रायव्हर एसी एकवर लावून काचेकडे सोडतात. कोरडी गार हवा बाष्प पुसून काढते. चारवरच चालणाऱ्या गाडीत तीच गार हवा काचेवर इतक्या जोराने आपटते की काच बाहेरच्या दमट हवेपेक्षा थंड होते आणि आता बाष्प बाहेरून धरतं. आतले लोक फडक्याने आतून पुसत बसतात. शेवटी एकाच्या लक्षात येतं आणि तो वायपर लावतो, तेव्हा गाडीत त्याला वैज्ञानिकाचा मान मिळतो.

विदर्भात मात्र हा बिघाड कुणाला कळतच नाही. मेअखेरीस नवतपा सुरू झाला की चंद्रपूर-अकोल्याकडे नॉब चारच्या खाली आणणारा माणूस पाहुणा समजला जातो. तिथे रेझिस्टर उन्हाळ्यात मेला तर त्याची वार्ता दिवाळीच्या सुमारास फुटते.

तसं पाहिलं तर चार वेग ही चैनच. गाडीत कारखान्यातूनच एसी बसवून देण्याचा मान अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीकडे जातो. 1940 सालच्या मॉडेलांत तो आला. यंत्र मागच्या सीटच्या मागे, डिकीची बरीचशी जागा खाऊन बसलेलं. त्याला तापमान कमी-जास्त करण्याची सोय नव्हती. कॉम्प्रेसरला क्लचही नव्हता, इंजिन फिरतंय तोवर तोही फिरणार. हातात नियंत्रण म्हणावं असं एकच, पंख्याचं बटण. एसी खरोखर बंद करायचा असेल तर गाडी थांबवायची, उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. मागच्या सीटवरून "कमी कर रे" म्हणणाऱ्यांना हा इतिहास ऐकवायला हरकत नाही. श्रीमंतांनाही हा थंडावा झेपेना आणि दोन-तीन वर्षांत पॅकार्डने तो गुंडाळला. पुढे 1953 मध्ये क्रायस्लरने इंपीरियल गाडीत जो एसी दिला त्यात कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन खुणांचं एक बटण होतं. ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं ते अमेरिकन लोक विनोदाने म्हणत, आमच्याकडे फोर-सिक्स्टी एसी आहे: चार काचा खाली आणि ताशी साठ मैल. एसटीच्या लाल डब्यात खिडकी मिळवण्यासाठी बाहेरून रुमाल टाकणाऱ्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

सर्व्हिसिंगचा दिवस उगवतो तेव्हा दोन मार्ग असतात. मोठ्या चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये टाय लावलेला तरुण टॅबवर लिहून घेतो, "कस्टमर कन्सर्न: एसी." एवढंच. संध्याकाळी फोन येतो: "सर, कूलिंग कॉइल चेक करायला डॅशबोर्ड उतरवावा लागेल, गॅस तर आम्ही भरूनच घेतो." डॅशबोर्ड उतरवणे हे शब्द ऐकले की मध्यमवर्गीय माणसाच्या पोटात खड्डा पडतो. कॉइलची आणि कॉम्प्रेसरची किंमत हजारांत मोजायची असते, साध्या गाडीचा रेझिस्टर बहुधा शेकड्यांत निभतो. पण शेकड्यांतल्या गोष्टीपर्यंत पोचायला हजारांच्या दारावरून जावं लागतं.

दुसरा मार्ग कोपऱ्यावरच्या वायरिंगवाल्याचा. तो गाडीत बसत नाही. दाराबाहेरूनच हात घालून नॉब फिरवतो: एक, दोन, तीन, चार. "रेझिस्टन्स गेलाय, काका." निदान संपलं. चार चालतो म्हणजे मोटर जिवंत, बाकीचे तिन्ही नाहीत म्हणजे फ्यूज उडालेला. एखादाच वेग गेला असता तर एखादीच तार तुटली असती, आणि चारच तेवढा गेला असता तर रिले नाहीतर स्विच बघावा लागला असता. हे तो बोलून दाखवत नाही. तो फक्त म्हणतो, "नाना पेठेतून आणा, मी बसवून देतो." मुंबईत असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला धाडतो. नाना पेठेत काउंटरवरचा माणूस वर न बघता विचारतो, "पेट्रोल का डिझेल? कुठल्या सालची?" मग फळीवरून खोका काढतो. तुकडा हातात घेतल्यावर मालकांना जे वाटतं ते दुःख असतं की आनंद हे ठरवणं कठीण. एवढ्याशा वस्तूसाठी आपण चार महिने कानटोपी घालून साताऱ्याला जात होतो.

बसवायला वायरिंगवाल्याला पाव तास लागतो. त्यातली दहा मिनिटं तो पायांकडच्या पोकळीत डोकं घालून, पाठीवर उताणा, पाय दाराबाहेर अशा अवस्थेत असतो. गाड्या बनवणाऱ्यांनी हा भाग बसवताना तो कधी बदलावा लागेल ही कल्पनाच केलेली नसावी. मोटर जड फिरते आहे का, कप्लर जळून पिवळा पडला आहे का, आत पानं आहेत का हे चांगला कारागीर त्याच वेळी बघून घेतो. जो बघत नाही त्याच्याकडचा नवा रेझिस्टर काही महिन्यांत जुन्याच्या वाटेने जातो आणि मालक नाना पेठेच्या नावाने बोटं मोडतात.

तिसराही मार्ग आहे आणि तो धोक्याचा. "काका, कशाला नवीन घेता? फ्यूज डायरेक्ट करून देतो." म्हणजे उडालेल्या थर्मल फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा डकवायचा. चारही वेग लगेच परत येतात, खर्च चहापुरता, मालक खूश. फक्त तारा तापल्यावर थांबवणारं आता कुणी उरत नाही. हा जुगाड आपलाच असा अभिमान कुणी बाळगू नये. ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉलच्या झफिरा बी या गाड्या पेट घेऊ लागल्या तेव्हा कंपनीने 2015 मध्ये दोन लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या आणि कारण म्हणून बोट दाखवलं ते ब्लोअरच्या रेझिस्टरवरच्या थर्मल फ्यूजच्या चुकीच्या दुरुस्तीकडे. म्हणजे तिथल्याही कुणी तरी "डायरेक्ट" करून दिलं होतं. तेवढ्याने भागलं नाही, 2016 मध्ये त्या गाड्या पुन्हा बोलवाव्या लागल्या. मोटरमध्ये ओलावा जाऊन ती जड होते हेही पुढे आलं. ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीने कंपनीच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून जाब विचारला. नाना पेठेतल्या फळीवर धूळ खात पडलेल्या तुकड्याच्या भाऊबंदांवर संसदेची समिती बसली होती, ही गोष्ट त्या काउंटरवरच्या माणसाला सांगितली तर तो वर बघेल अशी शक्यता आहे. नक्की नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे आपोआप चालणारा एसी. त्यात नॉबवर एक-दोन-तीन नसतं, 24 नाहीतर 25 असा आकडा असतो. रेझिस्टर तिथे नाही. ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल वीज क्षणाक्षणाला चालू-बंद करून किंवा मोजूनमापून सोडून पंख्याचा वेग हवा तेवढा ठेवतं, चालू-बंद करणाऱ्या प्रकारात उष्णताही कमी वाया जाते. महागड्या गाडीत तर नवरा-बायकोंना वेगवेगळी तापमानं मिळतात, तीन फुटांच्या अंतरात 22 आणि 26. मॉड्यूलची किंमत साध्या रेझिस्टरच्या कितीतरी पट. पण म्हणून ते अमर नसतं. आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर काही गाड्यांत पंखा थांबायचंच विसरतो: नॉब बंद, गाडी बंद, चावी खिशात, आणि पंखा चालूच. मालक तिसऱ्या मजल्यावर झोपलेले, खाली बॅटरी उतरते आहे. सकाळी सेल्फ नुसता कट-कट करतो तेव्हा ते बॅटरीवाल्याला फोन लावतात आणि खुर्चीत बसलेला वॉचमन सांगतो, "साहेब, रात्रभर तुमच्या गाडीत कुणीतरी एसी लावून झोपलं होतं. दोनदा टॉर्च मारला, कुणी दिसलं नाही."